डॉट यशचा चमत्कार

व्यापारी संघाच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. केस कापणाऱ्यापासून काचा बसवणाऱ्यापर्यंत सगळे माना उंचावून पडद्याकडे बघत होते. व्यासपीठावर पांढऱ्या कोटातले 'डोमेनगुरू' डोळे मिटून उभे होते.

"मंडळी, पत्ता चुकला की नशीब चुकतं! तुमच्या वेबसाइटच्या नावामागे डॉट कॉमचं जुनाट शेपूट लोंबतंय. ते छाटा, आमचं सिद्ध डॉट यश लावा. सात दिवसांत शोधयंत्र तुमच्यापुढे लोटांगण घालेल!"

त्यांनी 'फरशी बसवणारे' असं टाइप केलं. गेल्या आठवड्यात सर्वांदेखत चौथ्या पानावर सापडलेला आणि तेव्हाच पैसे भरून डॉट यश घेतलेला फरशीवाला आज चक्क सगळ्यांत वर! टाळ्यांचा कडकडाट झाला. फरशीवाल्याला तर हुंदकाच फुटला.

मागच्या रांगेतल्या ताईंनी मात्र टाळी वाजवली नाही. ग्रंथालयात अठ्ठावीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. बारीक अक्षर आणि मोठे दावे, दोन्ही तपासायची त्यांना खोडच लागली होती. गुरूंच्या पत्रकात एका शिंप्याचं कौतुक छापलं होतं. ताईंनी सकाळीच त्याला शोधून फोन केला होता.

"पंधरा दिवस पहिला होतो," शिंपी म्हणाला होता, "मग असा गडप झालो की जुन्या गिऱ्हाइकांनाही सापडेना. जुना पत्ता यांनीच सोडायला लावला ना!"

आणि आता ताईंच्या शेजारी त्यांचा धाकटा भाऊ डॉट यशच्या अर्जावर सही करायला पेन उघडून बसला होता. एक पाय आखूड असलेल्या, अपघातातून उठलेल्या माणसांसाठी तो बूट बनवायचा. अकरा वर्षांत कितीतरी डॉक्टरांनी आपापल्या वेबसाइटवर त्याचा पत्ता दिला होता. तो पत्ताच गेला, तर ती माणसं कुठे जाणार?

"थांब जरा," ताईंनी त्याचा हात धरला.

"ताई, डोळ्यांनी बघितलंस ना?"

"बघितलं. म्हणूनच म्हणते, थांब."

पडद्याच्या वरच्या कडेला गुरूंच्या नावाची सोनेरी पट्टी होती. ती यादीतल्या पहिल्या नावाच्या अगदी डोक्यापर्यंत, जरा जास्तच खाली उतरली होती. ताई उभ्या राहिल्या.

"महाराज, ती पट्टी बाजूला करता का?"

"बाई, ती मंगलपट्टी आहे. हलवली तर प्रभाव जातो."

"बरं, राहू द्या. मंडळी, आपापल्या मोबाइलवर हेच शोधा बघू."

सभागृहात शंभर अंगठे हलले. सगळ्यांत आधी फरशीवालाच बोलला. "माझं नाव वरच आहे! पण... त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात काहीतरी आहे. 'जाहिरात'."

"म्हणजे ती जागा विकत घेतलीये," ताई म्हणाल्या. "हे चार दिवस पैसे भरणार, तुम्ही सह्या केल्यात की बंद करणार. आता जाहिरात सोडून खाली शोधा."

फरशीवाला पान सरकवत राहिला. त्याचा चेहरा उतरला. "चौथ्या पानावरही नाही हो! आधी निदान तिथे तरी होतो."

"नवा पत्ता म्हणजे कोरी पाटी. जुन्याची ओळख नव्याकडे रीतसर वळवावी लागते. यांनी तेही केलं नाही."

गुरू कडाडले, "श्रद्धा नसेल तर फळ नाही!"

"यंत्राला कसली श्रद्धा?" काचवाला ओरडला, आणि सभागृह खदखदून हसलं. हसू ओसरेपर्यंत गुरूंनी लॅपटॉप मिटलाही होता. पण संघाच्या अध्यक्षांनी दार अडवलं आणि फरशीवाल्याचे पैसे परत घेतल्यावरच त्यांना सोडलं.

भावाने पेनाला टोपण लावलं. "पण ताई, मग शेपटाने काहीच होत नाही?"

"डॉट इनसारखं देशाचं शेपूट असेल तर दुकान कुठल्या देशात आहे ते कळतं. सोपं असेल तर लोकांच्या लक्षात राहतं. एवढंच. त्याने कोणी आपोआप वर चढत नाही. तू कसले बूट करतोस, माप कसं घेतोस, किती दिवसांत देतोस, हे नीट लिही. ज्याला गरज आहे त्याला उपयोगी पडेल असं लिही."

बाहेर पडताना फरशीवाला खाली मान घालून म्हणाला, "ताई, मी मूर्ख ठरलो."

"मूर्ख कसले? पोटाची काळजी असली की माणूस कशावरही विश्वास ठेवतो. फक्त पुढच्या वेळी 'कसं ते दाखवा' म्हणायला लाजू नका. खऱ्या माणसाला त्या प्रश्नाचा राग येत नाही."