एक्क्याण्णव मुलांचा ढोल

मित्रांनो, मी एका शाळेचा जुना ढोल. एक जाड खोड पोखरून सुताराने माझे अंग घडवले आणि दोन्ही तोंडांवर कातडे ताणून बसवले. शाळेत आलो तेव्हापासून माझे काम एकच, मुलांच्या पावलांना ठेका देणे. गाण्याच्या बाई मला वाजवीत. "ढोल आहे म्हणून कवायत आहे," असे लोक म्हणत. ऐकायला बरे वाटे.

एका वर्षी वार्षिक समारंभाच्या कवायतीला एक्क्याण्णव मुले झाली. कवायतीच्या सरांना सगळ्या रांगा सारख्या लागत. त्यांनी दोन-दोनच्या रांगा लावल्या; एक मूल उरले. तीन-तीनच्या लावल्या, एक उरले. पाच, सहा, नऊ, दहाही करून झाले. दर वेळी एकच मूल उरे, आणि ते तेच. सर्वांत बुटकी, म्हणून शेवटी उभी राहणारी मुलगी. तिला सगळे लवंगी म्हणत. अंगाने एवढीशी, आवाज मात्र फटाक्याचा.

सरांनी घाम पुसला. "मूळ संख्या दिसतेय ही. एक आणि ती स्वतः, बाकी कुणाचा भाग जायचा नाही. लवंगी, तू ढोलाजवळ बस, बाळ."

ती येऊन मला टेकून बसली. रडली नाही. पण तिच्या पाठीचा थरकाप माझ्या कातड्याला कळत होता.

"घरून कोण येणारे बघायला?" बाईंनी हळूच विचारले.

"आजी. तिनं नवे बूटपण आणलेत."

लवंगी जमिनीवर बोटाने आकडे गिरवत राहिली. मग एकदम ताडकन उठली.

"सर, सातनं बघितलंत?"

"अगं, एवढ्यांनी नाही गेला, आता सात काय दिवे लावणार?"

"पण तोच राहिलाय ना! दहा दाहे शंभर. आपण शंभराच्या आत. मग दोन विभाजकांची जोडी असलीच, तर त्यातला एक दहाच्या आतलाच हवा. दोन, तीन, पाच झाले. चार, सहा, आठ, नऊ त्यांच्याच पोटातले. उरला सात."

"सातच्या पाढ्यात एक्क्याण्णव कुठाय, वेडाबाई?"

"पाढा दहापाशी थांबतो, सर. पट कुठं थांबतात? सत्तर, सत्त्याहत्तर, चौऱ्याऐंशी, एक्क्याण्णव!"

सरांनी बोटांवर मोजून पाहिले आणि शिट्टी वाजवली. सात रांगा, प्रत्येकीत तेरा मुले. कुणी उरले नाही.

"मी घाई केली," सर सगळ्यांसमोर म्हणाले, आणि सराव सुरू झाला.

समारंभाच्या दिवशी मात्र दोन मुले तापाने आली नाहीत. राहिली एकोणनव्वद. सरांनी या वेळी कसलीही घाई केली नाही. दोनने एक उरले, तीनने दोन, पाचने चार, सातने पाच. ही खरोखरच मूळ संख्या होती. मुले नकळत लवंगीकडे पाहू लागली. ती नव्या बुटांकडे पाहत एक पाऊल मागे सरकली.

"कुठं निघालीस?" सरांनी विचारले.

"मूळ आहे ना, सर. आता नाही जमणार."

"मूळ संख्येलाही दोन विभाजक असतात. एक आणि ती स्वतः. मग एकच रांग करू! चला रे, सगळे एका रांगेत, आणि वळवा गोल."

एकोणनव्वद मुलांचे रिंगण झाले. मी मधोमध होतो. बाईंनी ठेका धरला. रिंगण फिरू लागले, तेव्हा पहिले कोण आणि शेवटचे कोण, हे आजीलाही सांगता आले नसते.

पुढे शाळेत लाउडस्पीकर आला. बाई निवृत्त झाल्या. मला अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांमागे ठेवले. तिथे ओल आहे. कातडे सैल पडले आहे. कुणी आत आले, की म्हणते, "हा फुटका दिसतोय, टाकून द्या."

मित्रांनो, मी फुटलेलो नाही. ढोलाला कोरडी जागा आणि अधूनमधून ऊन लागते, एवढेच. तुमच्या शाळेत असा एखादा असेल, तर त्याला बाहेर काढा, दोऱ्या आवळा, आणि टाकून देण्याआधी एक थाप मारून पाहा.