थोरला रडला तेव्हा

टिल्लूला जाऊन आठवडाही झाला नव्हता. घरात माणसांची ये-जा चालूच होती, आणि येणारा प्रत्येक जण चहाचा कप खाली ठेवताना तेच म्हणत होता, "सोडायचं नाही त्यांना!"

टिल्लूची आई कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलर शिवायची. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण दुःखाच्या भरात तीही बोलून गेली, "त्या पोराच्या आईलाही कळू दे, पोटचा गोळा जातो म्हणजे काय होतं ते!"

भांडण तरी केवढं? वर्गातल्या एकाने टिल्लूची टर उडवणारा व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. टिल्लू जाब विचारायला गेला, शब्दाने शब्द वाढला, आणि त्या मुलाच्या दप्तरातून चाकू निघाला. दोघांनाही अजून धड मिसरूड फुटलं नव्हतं. एक गेला, दुसरा सुधारगृहात.

टिल्लूचा थोरला भाऊ मात्र गप्प होता. रडला नाही की पोटभर जेवला नाही. मित्र दारात येत, कुजबुजत आणि निघून जात.

त्या संध्याकाळी मुलांचा मामा आला. तो अ‍ॅम्ब्युलन्स चालवायचा. आल्या आल्या बहिणीला म्हणाला,

"ताई, थोरल्याकडे लक्ष आहे का तुझं?"

"त्याचं काय? तोच तर एक खंबीर आहे घरात."

"खंबीर कसला! आतल्या आत धुमसतोय. अशी पोरं मी गाडीतून नेतो गं. एकाला नेलं की थोड्याच दिवसांत त्याचा बदला घ्यायला गेलेल्याला न्यावं लागतं. आत्ता कोपऱ्यावर याचे दोस्त बोलताना ऐकलं. त्या पोराचा भाऊ क्लासहून येईल तेव्हा त्याला गाठायचंय म्हणे."

"भावाला? त्याने काय केलंय?"

"काहीच नाही. पण त्याच्या आईलाही कळू दे, असं कोण म्हणालं होतं, ताई?"

ती धावतच आत गेली. थोरला बूट घालत होता. कमरेला सुरी खोचलेली होती, तिच्याच स्वयंपाकघरातली!

ती त्याच्यासमोर खाली फरशीवरच बसली.

"बाजूला हो, आई."

"नाही होणार. मी बोलले ते चुकलंच माझं. आधी सांग, काय खुपतंय तुला?"

तो बुटाची नाडी ओढत राहिला. मग एकदम म्हणाला, "तो व्हिडिओ आला ना, तेव्हा टिल्लू आधी माझ्याकडेच आला होता. रडत होता. मी हसलो. म्हटलं, पोरींसारखा मुळूमुळू रडतोस काय? मर्द असशील तर जाऊन विचार त्याला! मीच धाडलं गं त्याला... मीच!"

आणि एवढा दाढी फुटलेला मुलगा आईच्या खांद्यावर कोसळला. कितीतरी वेळ त्याचा हुंदका थांबेना. मामाने हळूच सुरी काढून घेतली, थोरल्याला न्यायला दारात येऊन थांबलेल्या मित्रांनाही आत बोलावलं. त्यांतला सगळ्यात दांडगट मुलगाच आधी डोळे पुसू लागला!

पलीकडच्या गल्लीतला त्या मुलाचा भाऊ त्या संध्याकाळी क्लासहून नेहमीसारखा घरी पोहोचला. त्याला काही कळलंही नाही. टिल्लू काही परत येणार नव्हता. त्याच्या आईचं घर रितं झालं ते झालंच. पण त्या दिवसापासून दारात कुणी "सोडायचं नाही" म्हणालं, की ती शांतपणे सांगायची, "माझा एक मुलगा उरलाय. त्याच्यासमोर असलं बोलू नका."

मंडळी, हातात सुरी येण्याच्या कितीतरी आधी मुलाच्या मनात अपमान घर करून बसलेला असतो. त्याचं रडणं आपणच हसण्यावारी नेतो, आणि मग त्याच्या रागाचं नवल करतो. आपल्या घरातलं पोर डोळे भरून समोर उभं राहील, तेव्हा त्याला मर्दानगी शिकवू नका. जवळ बसवा आणि त्याचं ऐकून घ्या. टिल्लूचं कुणी तेवढं ऐकलं असतं तर!