टाके, जाळी आणि दुर्बीण

“खोका,” डॉक्टर म्हणाले.

इंदू खोकली आणि तिच्या बेंबीच्या वरचा फुगारा संत्र्याएवढा टम्म वर आला. डॉक्टरांनी तो बोटांनी हळूच आत ढकलला. तेव्हा त्यांना कमरेभोवतीचा काळा वळ दिसला.

“हा कशाचा?”

“ओटीचा, साहेब. कापूस येचाले पोटावर बांधतो ना आम्ही. फुगत गेलं तशी मी आणखी आवळत गेली. दबून राहते म्हटलं.”

“दबत नाही, बाई. कापसाचं वजन लटकतं आणि भोक वाढतं.”

इंदूनं मान खाली घातली आणि लुगडं सावरायला पडद्यामागं गेली.

सोबत आलेली तिची लेक दिपाली याच क्षणाची वाट पाहत होती. दहावीत गेल्यापासून पोरीचं तोंड म्हणजे सुटलेली गिरणी. मोबाईलवर वाचून आलेलं सगळं तिनं एका दमात विचारून टाकलं: नुसते टाके घालायचे, पोट उघडून जाळी बसवायची, की दुर्बिणीतून?

डॉक्टर हसले. “भोक मोठं आहे. नुसते टाके ताणून तुटतील. जाळी लागेलच. दुर्बिणीची जखम लहान, दुखणं कमी. पण त्यासाठी नागपूर. उघडून केलं तर इथंच होईल. कोणतंही करा, तीन महिने ओझं उचलायचं नाही.” मग पडद्याकडं बघून त्यांनी आवाज उतरवला. “आणि लांबवू नका. आतडं अडकलं की काळं पडतं. मग माणूस हाती लागत नाही.”

सौंसरच्या स्टँडवर बोरगावच्या बसची वाट पाहता पाहता दिपालीनं आईला शस्त्रक्रियाच करून दाखवली. ओढणीला चिमटा काढला, मग खालून रुमाल लावला.

“हे पाय, टाक्यानं कापड वढते, बाजूनं फाटते. जाळी म्हंजे आतून ठिगळ. दुर्बिणीतबी ठिगळच, फक्त बारीक भोकातून आत घालते.”

“माय वं! डॉक्टरीन झाली माही पोरगी.”

शेजारची बाईही कौतुकानं बघू लागली. दिपालीची मान ताठ झाली.

“मंग इथलंच करू, पोट उघडून,” इंदू म्हणाली. “उद्यापासून माह्या जागी तू जाय येचाले.”

“मी?”

“टोळीवाली जयवंता म्हणे, घरचं कोणी आलं नाही त टोळीतली तुही पात दुसरीले देतो. एकडाव पात गेली का पुढच्या साली कोणी बलावत नाही. तुह्या बाबाच्या मागं तेवढंच त हाय आपलं.”

“पण आई, माहा बोर्ड…”

“माईत हाय वं मले.”

इंदूनं पोटावर हात ठेवला आणि समोरच्या रसवंतीकडं पाहत राहिली. मग दुकानात सहज भाव विचारावा तसं तिनं विचारलं,

“होळीवरी थांबलं त चालते काय? तोवरी येचणंबी होते, तुहे पेपरबी होते. डॉक्टर बोलला काय तसं काही?”

दिपालीनं ओढणीखालचा रुमाल काढला. त्याची घडी घातली. नीट झाली होती, तरी मोडून पुन्हा घातली. बस वळणावर दिसू लागली होती.

“चालते म्हणे,” ती म्हणाली.

इंदूचा चेहरा एकदम सैलावला. लेकीच्या खांद्याचा आधार घेऊन ती उठली.

“बरं झालं बाई, तू संग होती. मले एकटीले काही उमजलं नसतं.”