क्रानमोरचा शेवटचा ध्वज

मी क्रानमोर गावचा ध्वज. हिरवा-पांढरा, आणि मधोमध गावचं चिन्ह: एक करकोचा आणि जळणासाठी दलदलीतली माती कापायचं फावडं. नकाशावर क्रानमोर शोधाल तर आता शेजारच्या शहराचा एक भाग म्हणून सापडेल. म्हणून नाव आधीच सांगितलं.

मला शिवलं इर्मट्राउटने. ती गावातले पडदे शिवायची. गावाला स्वतःचं चिन्ह मिळालं तेव्हा सरपंच एगर्ट कापड घेऊन तिच्याच दारात आला. करकोच्याची मान काही तिला नीट जमली नाही. मी खांबावर चढलो त्या दिवशी खालून कुणीतरी विचारलंच, "एगर्ट, हा करकोचा आहे की कोंबडी?"

"कोंबडी तर कोंबडी," एगर्ट म्हणाला. "आपली आहे ना?"

लोक पोट धरून हसले. मग बिअरचे पेले हातात घेऊन कितीतरी वेळ मान वर करून माझ्याकडे बघत राहिले. एवढं कौतुक पुन्हा कधी वाट्याला आलं नाही. पुढे मी त्यांच्या सवयीचा झालो. गावच्या नेमबाज मंडळाच्या वार्षिक जत्रेला मी असायचोच, आणि गावात कुणी गेलं की अर्ध्या खांबावर यायचो.

मग शाळा बंद पडली. पाठोपाठ बेकरी. तरुण मंडळी शहरात गेली, ग्रामसभेत बसायला माणसं मिळेनात. गाव शहरात विलीन करायचा ठराव आला तेव्हा मतं समसमान पडत होती. शेवटचा हात एगर्टचा. त्याने तो ठरावाच्या बाजूने वर केला.

त्यानंतर गाव त्याच्याशी बोलेना. तो खानावळीत शिरला की टेबलांवरची बोलणी थांबायची. इर्मट्राउटची बाग त्याच्या बागेला लागून होती, पण तिनेही कुंपणापाशी येणं सोडलं. मला उतरवायला तो एकटाच आला. थंडीने बोटं आखडलेली, दोरीची गाठ सुटेना. "चल बाबा," एवढंच म्हणाला आणि मला घरी नेऊन कपाटात ठेवलं.

अधूनमधून दार उघडायचा. माझ्यावरून हात फिरवायचा आणि पुन्हा लावून घ्यायचा. घरात तो एकटा, कपाटात मी. आम्हाला एकमेकांची सोबत व्हायला हवी होती. झाली नाही.

तो गेला तेव्हा शवपेटीत त्याला घालायचा काळा कोट शोधायला इर्मट्राउट आली. कपाटात तिला मी दिसलो. कोट राहिला बाजूला, ती मला छातीशी धरून पलंगावर बसली.

चर्चमध्ये शहराच्या कचेरीतला एक तरुण शवपेटीजवळ उभा होता. तो अदबीने म्हणाला, "बाई, हा ध्वज आता अधिकृत नाही. आम्ही शहराचा आणलाय."

"तुमचा राहू दे," इर्मट्राउट म्हणाली. "त्या शहरात एगर्टचं कुणी नाही."

तिने मला पेटीवर पसरलं. मग वाकून हळूच बोलली, फक्त त्याच्याशी. "एगर्ट, फार उशीर केला रे मी."

मला वाटलं, आपणही त्याच्यासोबत जाणार. पण पेटी खाली सोडण्याआधी मला काढून घेतलं.

आता मी इर्मट्राउटच्या घरी, कपाटाच्या खणात आहे. ती वृद्धाश्रमात असते, घराला कुलूप आहे. शरद ऋतूत छपरावरून करकोच्यांचे थवे ओरडत जातात, तेवढाच आवाज.

कधी कुणी हा खण उघडलाच, तर खांब शोधू नका. फक्त माझी घडी मोडा. आणि त्यासाठी आणखी एकाला हाक मारा. एकट्या माणसाच्या हातून मी पुरता उलगडत नाही.