कागदावरचा उंच काटा

कार्तिकाच्या उन्हात ज्वारीच्या वाळत्या पात्याला पातं घासावं, तसा माझ्या प्रज्ञाचा आवाज होता. बारीक, कोरडा, शेवटाला किंचित थरथरणारा. ती बोलू लागली की अकोल्याच्या जुन्या शहरातलं माझं तेलकट गॅरेज उजळून निघायचं. मी चौथी शिकलेला माणूस. पण मोर्णेच्या दोन्ही काठांवर माझ्यासारखा कान कोणाचा नव्हता. स्क्रू पिळायचा लांब पेचकस इंजिनाला टेकवायचा, लाकडी मूठ कानाला लावायची आणि लोखंडाच्या पोटातलं दुखणं सांगायचं. लेकीलाही ते मीच शिकवलं.

अमरावतीहून इंजिनिअर होऊन आली तेव्हा तिच्या हातात पेचकस नव्हता. तिनं लोहचुंबकाचा सेन्सर एका ट्रॅक्टरच्या इंजिनाला चिकटवला, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर त्या गोंगाटातला एकेक सूर निराळा होऊन उभा राहिला. डावीकडे जाड, उजवीकडे बारीक. उजव्या टोकाला काट्यासारखी एकच रेघ, उंच, एकाकी.

“बाबा, पाण्याच्या पंपाचं बेअरिंग चिरकून राहिलं.”

मी मूठ कानाला लावली. त्या जागी नितळ शांतता. “साफ हाय. इतके वर्षं मी काय भजन ऐकून राहिलो होतो, माय?”

“तुमचा कान सोनं हाय, बाबा. पण हा काटा पाहा न.”

“काटे बाभळीले असतात.”

मी ट्रॅक्टर धाडून दिला. चौथ्या दिवशी पंप अडकला, इंजिन तापून भर शेतात जाम झालं. त्या काट्याचा छापलेला कागद घडी करून प्रज्ञानं माझ्या पेटीत ठेवला, आणि नोकरीला अमरावतीला परत गेली.

मग ध्यानात आलं, अंगणातल्या चिमण्या चोची उघडतात आणि आवाज येत नाही. कुकरची शिट्टी वाफेपुरती उरली. पुढं फोनवरून लेकीचा सूरही विरत गेला. मी अदमासानं ‘हं’, ‘बरं’ म्हणत राहिलो. बाबांचा राग अजून गेला नाही, असं ती समजली. फोन कमी झाले.

“सांगून टाका न तिले,” बायको माझ्या कानाशी ओरडते.

“काय सांगू? वस्ताद बहिरा झाला म्हणून?”

दुपारी गॅरेजात ऊन तिरपं येतं तेव्हा तो कागद उघडतो, काट्याच्या टोकावर काळं बोट ठेवतो. बारीक सुरांच्या त्याच टोकाशी कुठंतरी ती बोलत असेल. काळ माणसाला नेण्याआधी त्याचा सूर नेतो. आणि आठवणीत ज्वारीची पाती हलताना दिसतात, नुसतीच दिसतात.