कायद्याने दुसऱ्याची

"पोर माझी आहे, तर मग भांडण कशाचं?" वेल्डरने वकीलबाईंना पहिल्या भेटीतच विचारलं.

"तिच्या आईने घटस्फोट घेतला नव्हता. लग्न टिकून असताना झालेलं मूल कायदा नवऱ्याचंच धरतो."

वेल्डरबरोबर राहणारी ठमीची आई साध्या तापाचं निमित्त होऊन गेली, आणि दुःख ओसरायच्या आत तिचा नवरा दारात येऊन उभा राहिला. घटस्फोटाविनाच घरात आणलेल्या दुसऱ्या बायकोलाही मूल होत नव्हतं, तेव्हा कुठे त्याला ठमी आठवली.

"रक्त तपासा ना! हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"ठमी पोटात राहिली त्या काळात नवरा तिच्या आईकडे येत-जात होता. तसं नसतं तर लढता आलं असतं. आता तपासणी मागितली तर कोर्ट म्हणेल, पोरीच्या जन्मावर डाग कशाला?"

"म्हणजे तिच्या भल्यासाठी तिला माझ्यापासून तोडायची?"

बाईंनी चष्मा पुसायला घेतला.

ठमीचे सुपासारखे कान थेट वेल्डरचे होते. कोर्टातल्या शिपायालाही ते दिसले, पण कानांना साक्ष देता येत नाही. न्यायाधीशांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तपासणी नाकारली आणि ताबा नवऱ्याला दिला. वेल्डरला भांडायला समोर कुणी वाईट माणूसही मिळाला नाही.

ताबा द्यायच्या खोलीत भिंतीवर हत्ती रंगवले होते. ठमी त्यांच्या सोंडांवरून बोट फिरवत होती. नवरा अवघडून जवळ आला.

"दादा, ही जेवते काय?"

याच्या कानाखाली जाळ काढावा असं वेल्डरला वाटलं. पण आज उपाशी कोण राहणार होतं?

"वरण-भात. भात गिचका लागतो. झोपेत दचकते, तेव्हा दिवा लावू नका, नुसतं नाव घ्या."

"कुठलं? ठमी?"

"हो. खऱ्या नावाला ती ओ देत नाही."

नवऱ्याने मान डोलावली, पुटपुटत सगळं पाठ केलं आणि ठमीपुढे हात केला. तिने वेल्डरकडे वळून पाहिलं.

"बाबा, तू कधी येणार?"

कोर्टाने त्याला भेटीचा हक्क दिला नव्हता. परक्या माणसाला तो कशाला असेल? वेल्डरने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने नजर चुकवली.

"आधी तू जा," वेल्डर म्हणाला, "मग बघू."

ठमीला 'मग बघू'चा अर्थ पक्का ठाऊक होता. ती जमिनीवर फतकल मारून बसली. शेवटी तिला उचलावं लागलं, आणि ते काम नवऱ्याला जमेना, म्हणून वेल्डरनेच तिला उचलून गाडीपर्यंत नेलं.