बिनझाकणाची भाजी

कलकत्त्याच्या आमच्या मराठी मंडळाची भांडी माझ्या घरी असतात. बालीगंजला आमच्या जिन्याखाली एक अंधारी खोली आहे, तिथे पातेली, कढया, पराती, तवे असा संसार रचून ठेवला आहे. कुणाकडे मुंज निघाली, बारसं निघालं की निरोप येतो आणि मी वहीत लिहून भांडी देते. काय नेलं ते डाव्या बाजूला, कसं परत आलं ते उजव्या. उजवी बाजू कुणी वाचत नाही, म्हणून तिथे मी खरं लिहिते.

आमचे चिटणीस श्यामराव यांच्या नावापुढे दर वेळी एकच शेरा आहे: 'बाहेरून चिंच लावून लखलखीत, आत तळाला खीर.' बँकेतल्या प्रमोदरावांपुढे: 'झाकण विसरले. दुसऱ्या दिवशी स्वतः आणून दिलं, चूक झाली म्हणाले.' आणि शकुनपुढे: 'दिल्या होत्या त्याहून बऱ्या.' हा शेरा मी त्या वहीत एकदाच लिहिला आहे.

शकुनचा नवरा खिदिरपूरला गोदीत कारकून होता. त्रेपन्नच्या श्रावणात तो टायफॉइडनं गेला. गोदीचं क्वार्टर जानेवारीअखेर रिकामं करायचं होतं. नागपूरहून दिराचं पत्र आलं, 'निघून या. इथे घरात कामाला हात कमीच पडतात.' शकुननं ते मला वाचून दाखवलं आणि घडी घालताना म्हणाली, "हात बोलावलेत, वृंदाताई. मला नाही बोलावलं."

त्याच सुमाराला मंडळाच्या खाणावळीचा आचारी लग्नाला म्हणून गावी गेला तो गेलाच. स्वयंपाकघरामागे दोन खोल्या आहेत. खाणावळ चालवील त्यानं तिथे राहायचं, अशी रीत. शकुननं अर्ज केला. निवड तिघांच्या हाती होती: श्यामराव, प्रमोदराव आणि मी. माझं मत तिला ठाऊक होतं. श्यामरावांचं मला ठाऊक होतं; त्यांच्या साडूनं ग्वाल्हेरहून एक आचारी धाडायचं कबूल केलं होतं. पण तसं तोंडानं म्हणतील तर ते श्यामराव कसले!

"बाईंच्या हाताला चव आहे, कोण नाही म्हणतं?" ते बैठकीत म्हणाले. "पण दिवस बदलले. बदलीवर येणारे आपले अधिकारी क्लबात जेवलेले असतात. उद्या कुणी साहेबी भाजी मागितली तर बाई काय पिठलं वाढणार?"

"पिठल्याला साहेबसुद्धा नाही म्हणायचा नाही," शकुन म्हणाली.

श्यामरावांनी टेबलाखालून न्यू मार्केटची कागदी पिशवी काढली आणि उपडी केली. अक्रोडाएवढे हिरवे गोळे टेबलभर घरंगळले. हुबेहूब कोबी, पण बाहुलीच्या भातुकलीतला.

"ब्रसेल्स स्प्राउट," श्यामराव म्हणाले, जसं काही ब्रसेल्सला त्यांचं आजोळ आहे.

प्रमोदरावांनी खुर्ची मागे घेतली. "अरे देवा! बँकेनं मला सहा महिने लंडनला धाडलं होतं. घरमालकीण दर रविवारी हे उकडून घालायची. ओल्या मोज्यासारखा वास. मी अजून विसरलो नाही."

"मग तर उत्तम परीक्षक!" श्यामराव खुशीत आले. "संक्रांतीनंतरच्या रविवारी बारा पानांची पंगत मांडू. बाईंनी हीच भाजी करावी. आपली माणसं भिडस्त, तोंडावर छानच म्हणतात. तेव्हा तोंडाचं मत नको, पानाचं घेऊ. बारापैकी एकाही पानावर ही भाजी उरता कामा नये. उरली, तर मी ग्वाल्हेरला पत्र टाकतो."

"आणि नाही उरली तर?" शकुननं विचारलं.

"तर ही किल्ली तुमची." श्यामरावांनी सदऱ्यावरून छातीला हात लावला. खाणावळीची किल्ली ते जानव्याला बांधून ठेवत.

"चालेल," शकुन म्हणाली आणि एकेक गोळा वेचून पिशवीत भरू लागली. एक कपाटाखाली गेला होता, तोही तिनं वाकून काढला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. क्वार्टरमधलं सामान बांधायला काढलं होतं, म्हणून प्रयोग माझ्या शेगडीवर. मी वयानं मोठी आणि स्वयंपाकात मुरलेली, निदान माझी तशी समजूत. म्हटलं, "यात काय आहे? कोबीचीच पिल्लं ही. बारीक चिर, हरभऱ्याची डाळ घाल, वर झाकण ठेव, झाकणावर पाणी घाल. मंद वाफेवर भाजी आपोआप होते." आईनं मला तसं शिकवलं, तिच्या आईनं तिला. झाकणावर पाणी ठेवलं की मराठी बाई निर्धास्त होऊन दुसऱ्या कामाला लागते.

अर्ध्या तासानं झाकण काढलं आणि आम्ही दोघी मागे सरलो. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या घोषबाबूंची बायको जिन्यातून ओरडली, "बौदी, की पोचेछे?" वहिनी, काय सडलं, असं ती विचारत होती. तिचा नवरा डमडमच्या विमानतळावर नोकरीला, म्हणून तिला वरून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची काळजी.

"मोहरीचं तेल वापर," मी शकुनला म्हटलं. "वास मारतं."

दुसऱ्या दिवशी मोहरीचं तेल. वर झाकण, झाकणावर पाणी. आता दोन वास आले आणि एकानं दुसऱ्याला मारलं नाही. तिसऱ्या दिवशी मी सुचवलं म्हणून चिंच-गूळ घातला आणि वाफ आणखी दहा मिनिटं वाढवली. रंग शेवाळासारखा झाला. मी घास तोंडात घेतला आणि खिडकीशी गेले.

"उरेल ना पानावर?" शकुननं विचारलं.

"पान उरेल की नाही, तेच सांगता येत नाही," मी म्हटलं.

मला वाटलं ती रडेल. ती कढईसमोर उकिडवी बसून राहिली, नाक जवळ नेऊन. मग चार गोळे उभे चिरून नुसत्या तव्यावर टाकले आणि वास घेतला. काही नाही, उलट भाजलेल्या हुरड्यासारखं काहीतरी गोडसर. तिनं त्यावर झाकण ठेवलं. थोडी थांबली. उचललं. सडका भपकारा! दुसरे चार टाकले, झाकण ठेवलंच नाही. पुन्हा हुरडा.

"वृंदाताई," ती हळूच म्हणाली, "वास भाजीला नाहीये. झाकणाला आहे."

"अगं, झाकणाशिवाय भाजी शिजते का कुठे?"

"ही शिजते. कोंडली की नासते." आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "असतात काही."

त्यानंतरचे चार दिवस तिनं माझं एक अक्षर ऐकलं नाही, आणि ते योग्यच केलं. मोठे गोळे उभे अर्धे करायचे, लोखंडी कढईत तेल चांगलं तापवायचं, कापलेली बाजू खाली ठेवून मांडायचे आणि हात लावायचा नाही. हे हात न लावणं सगळ्यात अवघड. मी दोनदा उलथनं घेऊन पुढे झाले आणि दोनदा तिनं ते काढून घेतलं. खालची बाजू तांबूस झाली की एकदाच परतायचे. मग मीठ, वरून हिंग-मोहरी-मिरचीची फोडणी, ओलं खोबरं, लिंबू. लहान गोळे अख्खे ठेवून देठाकडून फुली मारायची, उकळत्या पाण्यात पातेल्याचं तोंड उघडं ठेवून जेमतेम पाच मिनिटं, लगेच निथळायचे. मग भरल्या वांग्यासारखं दाण्याचं कूट, गोडा मसाला, चिंच-गूळ भरून खमंग परतायचे. शुक्रवारी घोषांची बायको स्वतःच वर आली. या खेपेला वासाची तक्रार नव्हती, वाटी होती. चव घेऊन ती म्हणाली, एक घाणा सरसोंबाट्यात करून बघा. म्हणजे मोहरी हिरव्या मिरचीबरोबर वाटून, दह्यात कालवून. शकुननं तेही करून पाहिलं आणि मान डोलावली. अशा तीन भाज्या ठरल्या.

शनिवारी मात्र ती शेगडीपाशी आलीच नाही. बारा पानांच्या बारा घरी जाऊन आली. पंगत करणाऱ्यानं आधी विचारून घ्यायचं असतं, कुणाचा उपास, कुणाला लसूण चालत नाही, कुणी गयेला काय सोडलंय. आपल्याकडची माणसं गयेला पिंडदान करून आली की एक आवडती भाजी किंवा फळ जन्माचं सोडून येतात. कलकत्त्याहून गया एका रात्रीवर, त्यामुळे आमच्या मंडळींनी आंब्यापासून अळूपर्यंत बरंच काही सोडून ठेवलं आहे.

"काय कळलं?" मी विचारलं.

"कळलं," ती म्हणाली. जाताना माझ्याकडून नवे बटाटे घेऊन गेली, सुपारीएवढे निवडून.

रविवारी भांडी न्यायला आली तेव्हा मी वही उघडली. दोन लोखंडी कढया, एक पातेलं, एक परात.

"झाकणं?" मी सवयीनं विचारलं.

"नकोत," ती म्हणाली. मी तसं लिहून घेतलं.

मंडळाच्या दिवाणखान्यात पाट मांडले. परीक्षक म्हणून मलाही पहिल्या पंगतीत बसवलं होतं. प्रमोदराव माझ्या डाव्या हाताला, समोर श्यामराव, उघड्या अंगानं, पंचा नेसून, छातीवर किल्ली. त्यांची बायको सरोज तूप वाढत होती. शकुन तिन्ही भाज्या परातीत मांडून निघाली. श्यामरावांचा चेहरा मी नीट पाहत होते. तो अगदी शांत होता, आणि ते काही चांगलं लक्षण नव्हतं. एखादा माणूस पातेलं परत करताना इतका शांत असला की मी आधी तळ बघते.

ती प्रमोदरावांपाशी आली. त्यांनी पान किंचित मागे ओढलं.

"थोडंसंच, शकुनबाई. भिडेखातर."

"भिडेखातर नका खाऊ. आवडलं तर खा," असं म्हणत तिनं तीनही भाज्यांचे दोन-दोन गोळे वाढले.

एकेक पान करत ती श्यामरावांपाशी पोचली. ते मान वर करून वाट पाहत होते. शकुननं परात खाली ठेवली, आतून एक कढई आणली आणि त्यांच्या पानात नव्या बटाट्यांची भाजी वाढली.

"बाई," श्यामराव म्हणाले, "हे काय? माझ्या पानात ती भाजी वाढायची राहिली."

"राहिली नाही."

"नियम बारा पानांचा आहे. वाढा."

"वाढली तर ती पानावर उरेल," शकुन म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण कढईचा कान तिनं इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. "तुम्ही गयेला कोबी सोडलाय. हा जातीनं कोबीच, बाजारवालासुद्धा खुदे कोपी, म्हणजे छोटा कोबी, म्हणूनच विकतो. फसवून तुमचं व्रत मी मोडणार नाही. नियम होता पानावर ही भाजी उरता कामा नये. तुमच्या पानावर ती नाहीच."

माझा घास हातातच राहिला. म्हणजे सापळा हा होता! भाजी वाढून घ्यायची, 'अरेरे, मला चालत नाही' म्हणायचं, भाजी पानावर ठेवायची आणि हात धुऊन ग्वाल्हेरला पत्र टाकायचं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" श्यामरावांनी विचारलं.

"मी सांगितलं," सरोज तुपाची वाटी घेऊन मागेच उभी होती. "घरी येऊन विचारलं तिनं. खोटं बोलू? आणि आता विषय निघालाच आहे तर सगळंच सांगते. सोडायची असते आवडती वस्तू. यांनी जन्मात कधी कोबीला बोट लावलं नाही, तोच सोडला. गयेचा पंडासुद्धा हसला होता."

पंगत हसली. श्यामरावांनी बटाटा तोंडात घातला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आणि मग त्यांचं चावणं मंद झालं. त्याच दाण्याच्या कुटाचा, त्याच गोड्या मसाल्याचा बटाटा. त्यांनी दुसरा घेतला.

इकडे प्रमोदराव खाली मान घालून खात होते. फोडणीतले दोन गेले, मोहरीतले दोन गेले, भरलेले दोन गेले. मग त्यांनी हात थांबवून विचारलं, "शकुनबाई, खरं सांगा. ही तीच भाजी?"

"तीच."

"मग सहा महिने त्या बाईनं माझ्यावर कसला सूड उगवला?" आणि पान पुढे सरकवलं. "भरलेले. चार."

दुसरी वाढ झाली, तिसरी झाली. श्यामरावांची नजर प्रमोदरावांच्या पानावर जात होती आणि गयेची आठवण येऊन परत येत होती. शेवटी पोळीचा तुकडा हातात धरून ते अडखळत म्हणाले, "कोबी सोडलाय मी. मसाला नाही सोडला."

"ठाऊक होतं," शकुन म्हणाली आणि आतून एक वाटी घेऊन आली. "परतण्याआधीच वेगळा काढून ठेवला होता. याला कोबीचा स्पर्श नाही."

श्यामरावांनी वाटी पोळीनं पुसून घेतली. मी मुद्दाम पाहिलं. आत तळालासुद्धा काही राहिलं नाही.

पंगत उठली तेव्हा शकुन एकेक पान वाकून बघत गेली. प्रमोदरावांच्या पानावर मिरचीचं देठ, माझ्या पानावर लिंबाची फोड. भाजी कुठेच नव्हती. बाराव्या पानापाशी ती सरळ उभी राहिली आणि श्यामरावांपुढे हात केला.

श्यामराव हात धुऊन जानव्याची गाठ सोडू लागले. गाठ ओली झालेली, सुटेना. "उद्या देतो," ते म्हणाले. "आता घट्ट बसलीये."

"थांबते," शकुन म्हणाली. हात तसाच पुढे.

ते गाठीशी झटत राहिले. ती उभीच. प्रमोदराव विडा चघळत दाराशी रेंगाळले, मीही निघाले नाही. शेवटी सरोज पुढे आली. तिनं नवऱ्याला उजेडाकडे वळवलं, नखानं गाठ उकलली आणि किल्ली शकुनच्या तळहातावर ठेवली.

"ग्वाल्हेरला पत्र मीच टाकते," सरोज म्हणाली. "यांचं अक्षर वाचता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कढया परत आल्या. मी आतून, बाहेरून, कानाखाली पाहिल्या. मग वहीच्या उजव्या बाजूला लिहिलं, 'दिल्या होत्या त्याहून बऱ्या.' आणि माझ्या स्वतःच्या नावाचं पान काढलं. ते इतकी वर्षं कोरंच होतं. तिथे लिहिलं, 'झाकणाचा आग्रह धरला. तीन दिवस. चूक झाली.'